घरची बिअर, लहान मुले आणि वेळेचा हिशेब

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मूल झाल्यावर आई-वडिलांनी आपले छंद जपावेत की काही वर्षे बाजूला ठेवावेत, याविषयी आपल्या वाचकपत्रांतून अधूनमधून चर्चा होत असते. तिच्यात दोन सल्ले हमखास वाचायला मिळतात. मुले हाताशी येईपर्यंत सगळे गुंडाळून ठेवा, हा एक. आणि स्वतःसाठी वेळ काढा, पालक आनंदी असतील तरच मुले आनंदी राहतील, हा दुसरा. दोन्ही सल्ले सदिच्छेने दिलेले असतात, परंतु काढायचा तो वेळ नेमका कोणाच्या वाट्यातून काढायचा, हे दोन्हींत सांगितलेले नसते. मी घरी बिअर बनवते. आमची थोरली शिशुवर्गात जाते आणि धाकटा आता हाताला लागेल ते धरून उभा राहतो. पालकत्व आणि छंद यांचा प्रश्न या एका छंदात फार टोकदारपणे समोर येतो, कारण तो सलग तास मागतो, त्यात उकळते द्रव आणि दाहक रसायने असतात, आणि शेवटी हाती येते ते मद्य असते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. स्वतःपुरती बिअर घरी बनवण्याची मुभा काही देशांत आहे आणि काही ठिकाणी नाही. जिथे कायदा परवानगी देत नाही तिथे पुढील सर्व विवेचन गैरलागू आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याचा क्रम सांगणे आवश्यक आहे. भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातूसारखे धान्य, ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे तासभर भिजत ठेवतात, म्हणजे त्यातील विकरे पिष्टाची साखर करतात. ते गाळून मिळालेला गोड द्रव, ज्याला वर्ट म्हणतात, पुन्हा तासभर उकळतात. कडवटपणासाठीचे हॉप्स (एका वेलीची फुले) उकळीच्या सुरुवातीला पडतात आणि सुगंधासाठीचे अगदी शेवटी. मग वर्ट झपाट्याने २० अंशांच्या आसपास थंड करायचे, निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात ओतायचे, यीस्ट घालायचे आणि एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप, लावून ठेवून द्यायचे. पाणी तापवणे, गाळणे, थंड करणे आणि शेवटची भांडी घासणे धरले तर २० लिटरच्या घाण्याला पाच ते सहा तास सहज लागतात. एक-दोन आठवड्यांनी बाटल्या भरण्याचे काम वेगळेच असते. २० लिटर म्हणजे ३३० मिलिलिटरच्या साठ बाटल्या, आणि त्यातली प्रत्येक धुऊन, निर्जंतुक करून, भरून, बूच लावून ठेवायची असते.

या सहा तासांचा स्वभाव सारखा नाही, आणि लहान मुलांच्या घरात ती बाब घड्याळापेक्षा महत्त्वाची ठरते. माल्ट भिजत असताना तुम्ही पंधरा मिनिटे उठून गेलात तरी काही बिघडत नाही. उकळी फुटण्याच्या वेळी मात्र भांड्यापासून हलता येत नाही, कारण वर्टवर फेसाचा जाड थर चढतो आणि क्षणार्धात ते उतू जाते. थंड झाल्यानंतर तर प्रत्येक स्पर्श निर्जंतुक लागतो. ओले, फेसाळ हात घेऊन फर्मेंटरवर वाकलेली व्यक्ती रडणाऱ्या बाळाला उचलू शकत नाही, आणि उचलले तर हात पुन्हा धुण्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे या दिवशी घरात एक पालक शरीराने हजर असला तरी व्यवहारात तो नसतोच. जेवण भरवणे, शी-शू, भांडणे, दुपारची झोप हे सगळे दुसऱ्याच्या अंगावर पडते. छंदाला लागणारे सहा तास घरात कोठून तरी आपोआप निर्माण होत नाहीत. ते जोडीदाराकडून घेतलेले असतात, आणि माझ्या मते या चर्चेत सर्वांत आधी मान्य करायची गोष्ट हीच आहे.

हे एकदा मान्य केले की पुढचे बोलणे सोपे होते. माझ्या यजमानांना सायकलवरून लांबच्या फेऱ्या मारण्याचा छंद आहे. तेव्हा आमच्याकडे दोघांच्या छंदाच्या वेळा महिना सुरू होण्यापूर्वीच कॅलेंडरवर लिहिल्या जातात, आणि एकाने घेतलेला अर्धा दिवस दुसऱ्याला त्याच महिन्यात परत मिळतो. परत मिळणे याचा अर्थ तितकेच तास, तितकेच निर्वेध. मुले झोपलेली असतानाचे दोन तास देऊन मुले जागी असतानाचे सहा तास फेडता येत नाहीत. ‘मी घरातच तर आहे’ हा युक्तिवाद आम्ही दोघांनीही बाद ठरवला आहे. काही वाचकांना हे फार व्यवहारी वाटेल, नात्यात कसला आला हिशेब, असेही कोणी म्हणेल. माझा अनुभव उलट आहे. हिशेब मांडला नाही म्हणून तो संपत नाही. तो एकाच्या मनात साचत राहतो, आणि बहुतेक घरांत ते मन आईचे असते. मी स्त्री असून हा छंद करते म्हणून मला ‘मग मुलांकडे कोण बघते?’ असे लोक विचारतात. सायकल घेऊन पहाटे बाहेर पडणाऱ्या माझ्या यजमानांना तो प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. प्रश्न योग्यच आहे, पण तो दोघांनाही विचारला गेला पाहिजे.

खरे पाहता बिअर आणि मुलांचे घर ही जोडी नवी नाही. मेसोपोटेमियात सुमेरियन लोकांनी बिअरची देवता मानली ती निनकासी, एक स्त्री. तिचे स्तोत्र इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या मातीच्या पाट्यांवर मिळते आणि त्यात बिअर बनवण्याच्या पायऱ्या येतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एल हे बिअरसारखे पेय प्रामुख्याने बायकाच घरी बनवत, घरापुरते ठेवून उरलेले शेजारीपाजारी विकत. त्यात पेय टिकवणारे हॉप्स नसल्यामुळे ते काही दिवसांत आंबट होई, म्हणून ते थोडे थोडे आणि वारंवार बनवावे लागे. ते काम स्वयंपाक, गुरे आणि मुले यांच्या मधल्या फटींत बसवलेले असे. पुढे हा धंदा मोठ्या कारखान्यांकडे गेला, अठराव्या शतकात तिथे थर्मामीटर आणि हायड्रोमीटर (द्रवाच्या घनतेवरून त्यातील साखरेचा अंदाज देणारे साधन) आले, आणि बिअर बनवणे म्हणजे एका दमात, मोठ्या भांड्यात, मोजूनमापून करायचे काम अशी त्याची घडण झाली. आजचा हौशी माणूस ज्या साधनांनी आणि ज्या क्रमाने बिअर बनवतो, तो या कारखान्याचाच छोटा नमुना असतो. मोजमापे अवश्य घ्यावीत, ती सुरक्षिततेसाठीही लागतात. परंतु एका दमात आणि मोठ्या प्रमाणावर करण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही, आणि लहान मुलांच्या घराने कारखान्यापेक्षा त्या जुन्या स्वयंपाकघराकडून शिकावे असे मला मनापासून वाटते.

पद्धत बदलायची तर कशी, याविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. घाणा लहान केला की वेळही त्याच प्रमाणात कमी होईल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. माल्ट भिजवण्याचा तास आणि उकळण्याचा तास २० लिटरला जितका, तितकाच ५ लिटरलाही लागतो. वाचतो तो तापवण्याचा, थंड करण्याचा आणि बाटल्या भरण्याचा वेळ. तरीही लहान घाण्याचा फायदा मोठा आहे, कारण तो घरच्या शेगडीवर नेहमीच्या पातेल्यात होतो, एक माणूस पातेले सुरक्षितपणे उचलू शकतो, सिंकमध्ये थंड पाणी घालून वर्ट लवकर निवते आणि पंधरा बाटल्या अर्ध्या तासात भरून होतात. वेळच खरोखर कमी करायचा असेल तर माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टपासून आधीच काढलेला घट्ट पाक किंवा पूड, वापरावे. त्यात साखर आधीच तयार असल्याने भिजवण्याचा आणि गाळण्याचा टप्पाच गळतो आणि काम दोन-तीन तासांवर येते. जाणकार मंडळी एक्स्ट्रॅक्टकडे थोडे नाक मुरडून पाहतात. ज्यांच्या घरी रात्री तीनदा उठावे लागणारे मूल आहे, त्यांनी त्या नाक मुरडण्याकडे लक्ष देऊ नये.

काम दोन भागांत तोडणे हा दुसरा मार्ग, आणि मला तो सर्वांत उपयोगाचा वाटतो. रात्री मुले झोपल्यावर माल्ट गरम पाण्यात भिजवायचे, झाकलेले भांडे जाड पांघरुणांत गुंडाळून ठेवायचे, आणि पहाटे गाळून उकळायचे. रात्रभर भिजल्याने वर्टमधील साखर अधिक पूर्णपणे आंबते आणि बिअर थोडी कोरडी, म्हणजे कमी गोड होते, हे गृहीत धरून पाककृती आखावी. भांडे फार निवू देऊ नये, नाहीतर माल्टबरोबर आलेले जिवाणू ते आंबट करतात. उकळणे संपल्यावर थंड करण्याचा टप्पाही लांबवता येतो. ऑस्ट्रेलियातील हौशी लोकांनी रूढ केलेल्या पद्धतीत उकळते वर्ट उष्णता सोसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरून बंद करतात आणि ते रात्रभरात आपोआप निवते. यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. बोट्युलिझम हा गंभीर आजार घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, आणि यीस्ट न घातलेले, हवाबंद, फारसे आम्ल नसलेले वर्ट त्यांना मानवते. म्हणून असा कॅन दिवसेंदिवस तसाच ठेवू नये. दुसऱ्या दिवशी यीस्ट गेलेच पाहिजे. मूल आजारी पडले आणि दुसऱ्या दिवशी सवड झाली नाही, तर ते वर्ट ओतून देण्याची तयारी आधीपासून असावी. पाच लिटर ओतून देताना जीव कमी हळहळतो, हाही लहान घाण्याचा एक गुण.

यीस्ट घातल्यानंतरचा काळ पालकांच्या बाजूचा आहे. कोरड्या यीस्टची पुडी फ्रिजमध्ये तयार असते, त्यासाठी आदल्या दिवसापासून विरजण लावावे लागत नाही. नॉर्वेच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांतही चांगले काम करते आणि काही दिवसांत आंबवणे पुरे करते, त्यामुळे तापमान सांभाळण्याची दगदग वाचते. आणि बाटल्या भरायला ठरलेल्या दिवशी जमले नाही, तर बंद फर्मेंटरमधील बिअर आणखी एक-दोन आठवडे बिनतक्रार थांबते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की मी पाहिलेली बरीचशी घरगुती चिडचिड ‘आजच बाटल्या भरल्या पाहिजेत’ या समजुतीतून आलेली असते. बिअरला तशी घाई नसते.

आता सुरक्षिततेविषयी. येथे मी थोडी कठोर होणार आहे. उकळते पाणी धोक्याचे, हे सर्वांना कळते. पण ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत गंभीर भाजवू शकते आणि लहान मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणजे ज्या माल्टच्या भांड्याखाली आच नाही, ज्यातून वाफही फारशी येत नाही, ते ६६ अंशांचे भांडे ‘आता गार आहे’ असे समजून जमिनीवर ठेवणे हे उकळत्या भांड्याइतकेच घातक आहे. रांगणारे मूल उभे राहायला आधार शोधते, आणि त्याच्या उंचीवर येतात ते नेमके भांड्याचे कान, नळी आणि शेगडीची वायर. त्यातच वर्ट साखरेमुळे चिकट असते, त्वचेवरून पाण्यासारखे ओघळून जात नाही. आमच्याकडचा नियम असा आहे, की विस्तव पेटलेला असताना मुले एकतर घराबाहेर असतात किंवा झोपलेली असतात, आणि झोपलेली असली तरी त्यांच्यासाठी जागे राहणारा दुसरा मोठा माणूस घरात असतो. एकटीने मुलांना सांभाळत उकळण्याचे काम मी करत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला लावलेल्या छोट्या फाटकावर मी विसंबत नाही. थोरलीला ते उघडता येते.

साफसफाईची रसायने हा दुसरा धोका. कॉस्टिक सोडा असलेली द्रव्ये मुलांच्या घरात आणूच नयेत असे माझे मत आहे, कारण तो घशातून गेला तर अन्ननलिका कायमची जाळू शकतो. सोडियम परकार्बोनेटवर आधारित पावडर आणि फॉस्फोरिक आम्ल असलेले निर्जंतुक द्रावण यांवर बहुतेक कामे भागतात, परंतु तीही मूळ डब्यात, मूळ लेबलसह, वरच्या बंद कपाटात हवीत. उरलेले द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेकांना असते. ती आजच सोडावी. मुलाने काही गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नये, डबा बरोबर घेऊन थेट डॉक्टरांकडे जावे.

बाटल्या फुटण्याचा प्रकार त्या मानाने दुर्मीळ, पण टाळता येण्याजोगा आहे. आंबणे पुरे होण्यापूर्वी बाटल्या भरल्या किंवा फसफस येण्यासाठी भरताना घालायची साखर जास्त पडली तर आत दाब वाढत जातो आणि काच फुटून उडते. हायड्रोमीटरवरील आकडा सलग दोन-तीन दिवस तोच असेल तेव्हाच भरावे, साखर लिटरमागे साधारण ६ ते ७ ग्रॅम, तीही काट्यावर मोजून, आणि भरलेल्या बाटल्या झाकण असलेल्या क्रेटमध्ये बंद कपाटात ठेवाव्यात. फर्मेंटरच्या जागेविषयीही विचार करावा लागतो. सुमारे ५ टक्के मद्यांशाची २० लिटर बिअर आंबताना एकंदर ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवा खेळत्या खोलीत आठवडाभरात तो निघून जातो आणि कोणाला काही होत नाही. पण हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून दारे-खिडक्या बंद करून मूल झोपते त्या छोट्या खोलीत फर्मेंटर ठेवू नये. आणखी एक गोष्ट फार सहज नजरेतून सुटते. हायड्रोमीटरसाठी काढलेला नमुना, चव पाहून टेबलावर ठेवलेला अर्धा ग्लास, बाटलीच्या तळाशी उरलेला घोट. लहान मुलाच्या पोटात थोडेसे मद्य गेले तरी त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नमुना मोजून झाला की ओतून द्यावा आणि नळी तिथेच धुवावी.

एवढे सांगून मूळ अवघड प्रश्न टाळता येणार नाही. जे बनते ते मद्य आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की आरोग्यास निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. घरच्या बिअरला यातून सूट नाही. ती स्वतः बनवली, त्यात काय पडले ते माहीत आहे, म्हणून तिच्यातले अल्कोहोल सौम्य होत नाही. दरमहा २० लिटर बनवणाऱ्या घरात महिन्याला साठ बाटल्या येतात. दोघांत वाटल्या तरी रोज एकेक होते, आणि ज्या घरात ठरवून कोणी रोज प्यायला सुरुवात केली नसेल त्या घरातही साठा आहे म्हणून ती होऊ लागते. मला बिअर बनवण्याची क्रिया पिण्यापेक्षा अधिक आवडते, असे अनेक हौशी लोक सांगतात आणि ते खरेही बोलत असतात. मग त्यांनी वारंवार पण थोडे बनवावे. पाच लिटरच्या घाण्याने हौस तितकीच भागते आणि कपाट भरत नाही.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना मी बिअर प्यायले नाही. गरोदरपणात निर्धोक असे प्रमाण ठाऊक नाही, आणि आईच्या रक्तात जितके अल्कोहोल असते साधारण तितकेच दुधात उतरते. दूध पिळून टाकल्याने ते लवकर कमी होत नाही, त्यासाठी वेळच जावा लागतो. त्या महिन्यांत बनवण्याचे काम मात्र अधूनमधून चालू राहिले, कारण वास, रंग आणि हायड्रोमीटर यांवरून पुष्कळ काही समजते आणि चव यजमान सांगत. वडिलांनाही एक बंधन हवे. लहान मुलाला रात्री अचानक ताप चढतो, श्वास लागतो, पडून खोक पडते, आणि त्या वेळी गाडी चालवू शकेल आणि डॉक्टरांशी नीट बोलू शकेल असा एक तरी पालक घरात हवा. त्या दिवशी तो पालक कोण, हे पहिली बाटली उघडण्यापूर्वी ठरलेले असावे. घरी मित्रमंडळी जमली असताना तर विशेषकरून.

मुलांना यात किती सामील करावे, याबाबत मतभेद असू शकतात. काही पालक मुलांपासून सगळे लपवतात. मला ते पटत नाही, कारण घरभर माल्टचा गोड वास पसरलेला असताना काहीच चाललेले नाही असे भासवणे म्हणजे मुलांना त्यांच्या नाकावर अविश्वास ठेवायला शिकवणे होय. दुसऱ्या टोकाला, मुलाला ‘छोटा मदतनीस’ म्हणून बिअरच्या कामात घेणे आणि कौतुकाने बोटभर चाखवणे मला त्याहूनही अयोग्य वाटते. थोरलीने विचारले तेव्हा तिला सरळ सांगितले, की हे मोठ्यांचे पेय आहे, लहान शरीराला ते बाधते आणि मोठ्यांनाही जास्त झाले तर बाधते. तिला जे दाखवायचे ते मी बिअरपासून वेगळे काढून दाखवते. बाटलीत कोमट पाणी, चमचाभर साखर आणि थोडे बेकरीचे यीस्ट घालून तोंडाला फुगा बसवला, की अर्ध्या-पाऊण तासात लोळागोळा पडलेला फुगा हळूहळू मान वर काढतो. ‘आत कोण फुंकतंय?’ हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देताना जिवंत पेशी, साखर, वायू हे सगळे तिच्या भाषेत बोलता आले. माल्टचे न भरडलेले दाणे वाटीने मोजणे, ते चावून गोडी पाहणे, गाळून उरलेला चोथा कणकेत मिसळून पाव भाजणे, ही कामे ती आनंदाने करते. ही सर्व कामे विस्तव पेटण्यापूर्वीची किंवा भांडी निवल्यानंतरची आहेत, आणि त्यांचा वेळ मी माझ्या छंदाच्या तासांत धरत नाही. मुलीबरोबर पाव भाजण्याचा वेळ हा मुलीचा वेळ आहे. तो छंदाच्या खात्यात टाकून जोडीदाराची सवड कापणे, किंवा उलट बिअर उकळण्याला ‘मुलांना विज्ञान शिकवतोय’ असे नाव देणे, दोन्ही गैर आहे.

काही काळ असे येतात की वर सांगितलेली कोणतीच तडजोड पुरत नाही. नवजात बाळाचे पहिले महिने, मुलाचे लांबलेले आजारपण, दोघांपैकी एकाची नोकरीतील ओढाताण. झोप तुटलेल्या माणसाने १५-२० लिटर उकळता द्रव हाताळणे हे धोक्याचे आहे, मग त्याची इच्छा कितीही असो. अशा वेळी मी छंद थांबवण्याच्या बाजूची आहे, आणि या एका बाबतीत सुरुवातीला उल्लेखलेल्या पहिल्या सल्ल्याशी माझे जुळते. फरक इतकाच, की थांबवताना तो नीट बांधून ठेवावा. भांडी, फर्मेंटर स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि झाकण घट्ट न लावता ठेवावेत, म्हणजे आत बुरशी व कोंदट वास धरत नाही. रबरी नळ्या जपण्यात अर्थ नाही, त्या पुढच्या वेळी नव्या घ्याव्यात. भरडलेले माल्ट काही आठवड्यांत शिळे होते, पण अख्खे दाणे कोरड्या, थंड जागी हवाबंद डब्यात वर्षभर चांगले राहतात. हॉप्स हवा काढलेल्या पिशवीत फ्रीझरमध्ये टाकावेत. यीस्टच्या पुड्यांवर तारीख छापलेली असते, तिच्यापलीकडे त्या वापरू नयेत. पुन्हा सुरुवात करताना पहिला घाणा पाच लिटरचाच असावा, कारण मधल्या काळात घराचे वेळापत्रक बदललेले असते आणि थोरल्या मुलाच्या झोपेवरून बसवलेल्या वेळा धाकट्याला लागू पडत नाहीत.

आपली विश्वासू,
एक वाचक